ग्राऊंडचं नाव पोलोनिया, क्लबात पोलिश कुणीच दिसत नाही, ही काय भानगड आहे?

सांगलीची_मृणाल

नमस्कार मंडळी, आम्हाला ॲडलेडला येऊन सव्वा वर्ष झालं. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि फुटबॉलचं वेड इतकं की झोपेतपण लाथा मारतो. इकडे फुटी म्हणजे ती अंड्याच्या आकाराच्या बॉलची त्यांची वेगळीच, आणि आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणायचं हे कळायलाच मला दोन महिने लागले, एकदा तर चुकून त्याला फुटीच्या ट्रायलला घेऊन गेले होते (हसू नका, शूज पण नवीन घेतले होते).

तर आता घराजवळ क्रॉयडनला एक क्लब आहे तिथे ट्रायल दिली आणि घेतलं त्याला. मॅपवर ग्राऊंडचं नाव पोलोनिया रिझर्व्ह असं येतं. मला आधी वाटलं की कुठल्या बाईंचं नाव असेल, कुणी पोलोनियाबाईंनी जागा दान दिली असेल, आपल्याकडे नाही का कै. सौ. अमुक तमुक क्रीडांगण असतं तसं. मग नवरा म्हणाला अगं पोलंडशी संबंध आहे, पूर्वी पोलिश लोकांचा क्लब होता. पण तिथे बघावं तर सगळ्या जगाची पोरं. एक व्हिएतनामी आई ओळखीची झाली तिला विचारलं तर ती म्हणे ठाऊक नाही बाई, पहिल्यापासून हेच नाव आहे.

एक आजोबा मात्र रोज येतात, टोपी घालून कठड्याला टेकून उभे, पोरांवर काहीतरी ओरडत असतात. दोब्झे दोब्झे असं काहीतरी. पहिल्या दिवशी वाटलं रागावतायत, माझा मुलगा तर बॉल सोडून माझ्याकडे बघायला लागला.

प्रश्न असा की १) ही नक्की काय भानगड आहे, पोलिश लोकांनी इथे येऊन क्लब का काढला आणि मग ते गेले कुठे, २) अशा एका समाजाच्या क्लबात आपण उपरे पडतो का? नवऱ्याचं म्हणणं आहे की त्यापेक्षा ती नवीन ॲकॅडमी निघालीय तिकडे टाकू, तिथे सगळे आपल्यासारखे नवीनच असतात. पण फी ऐकून मला घेरी आली. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

जुना_ॲडलेडकर

मृणालताई, ते आजोबा रागावत नाहीयेत हो. दोब्झे म्हणजे छान, बरोब्बर. आपण "भले शाब्बास" म्हणतो तसं. पोराला सांगा, खूश होईल.

मी डोंबिवलीहून इकडे १९८९ ला आलो, त्यामुळे यातलं थोडं डोळ्यांनी बघितलंय आणि बाकीचं लोकांकडून ऐकलंय. पोलोनिया हे पोलंडचं लॅटिन नाव. आणि देशाबाहेर राहणारा जो सगळा पोलिश समाज, त्यालाही ते पोलोनियाच म्हणतात, शिकागोची पोलोनिया, ऑस्ट्रेलियाची पोलोनिया असं. आपल्याकडे "बृहन्महाराष्ट्र" म्हणतात तसं समजा, फक्त त्यांचा शब्द सुटसुटीत आहे. तुमचा क्लब १९५० साली पोलोनिया ॲडलेड या नावानेच सुरू झाला, क्रॉयडन वगैरे नंतरचं.

आता १९५० च का ते बघा. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जर्मनीतल्या छावण्यांत लाखो पोलिश लोक अडकलेले होते, कुणाला जर्मनांनी वेठबिगारीला धरून नेलेलं, कुणी सैन्यातले. घरी जावं तर घर जिथे होतं तो पूर्वेकडचा भाग स्टालिनने गिळलेला आणि उरलेल्या देशात कम्युनिस्ट आलेले. ऑस्ट्रेलियाला तेव्हा माणसं हवी होती, मग १९४७ पासून या निर्वासितांना जहाजं भरभरून इकडे आणलं, सगळ्या देशांचे मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास, त्यात पोलिश सगळ्यात जास्त. पण अट होती. दोन वर्षं सरकार सांगेल तिथे, सरकार सांगेल ते काम. कागदावर पुरुष असेल तर "लेबरर", बाई असेल तर "डोमेस्टिक". तुम्ही तिकडे डॉक्टर होता की वकील, कुणी विचारत नव्हतं. नवरा रेल्वेच्या कामावर कुठेतरी रानात आणि बायको-पोरं दुसऱ्याच छावणीत अशी कित्येक घरं. आपल्या ॲडलेडच्या डोंगरातलं वुडसाइड आहे ना, आता आपण चीज खायला जातो तिकडे, तिथे अशी छावणी होती.

मी आलो तेव्हा पहिली काही वर्षं एका कारखान्यात शिफ्टला होतो, आमचा चार्जहँड म्हणजे मुकादम पोलिश होता. तो सांगायचा की त्याचे वडील तिकडे शाळेत गणित शिकवायचे आणि इथे दोन वर्षं त्यांनी रुळाखालची खडी फोडली. सोमवार ते शनिवार त्यांना कुणी नावाने हाकच मारायचं नाही, कारण नाव उच्चारताच यायचं नाही, सरसकट "जो" म्हणायचे. रविवारी सकाळी पोलिश पाद्रीची प्रार्थना आणि दुपारी ग्राऊंड. ग्राऊंडवर मात्र पूर्ण नावाने हाक यायची, ती सुद्धा शिवी घालून. तो हे सांगताना हसायचा, मला त्या वयात हसू आलं नव्हतं कारण मलाही तेव्हा कारखान्यात "सॅम" म्हणायचे. माझं नाव श्यामसुंदर.

तर क्लब का काढला याचं माझ्या मते उत्तर एवढंच आहे, दुसरीकडे कुठे जायला जागाच नव्हती. फुटी त्यांना येत नव्हती, क्रिकेट माहीत नव्हतं, पबमध्ये भाषा आडवी यायची. बॉलला भाषा लागत नाही आणि खर्च पण नाही. आणि फक्त पोलिश नाही, सगळ्यांनीच काढले. इटालियन लोकांनी १९४६ ला युव्हेंटस काढला, तोच आजचा ॲडलेड सिटी. क्रोएशियन लोकांचा १९५२ चा, ग्रीकांचा वेस्ट ॲडलेड हेलास १९६२ चा. सर्बियन, हंगेरियन, युक्रेनियन, डच, सगळ्यांचे होते. शनिवार रविवारी इथे लीग म्हणजे युरोपचा नकाशाच. बाकीचे ऑस्ट्रेलियन लोक सॉकरला हिणवून "वॉगबॉल" म्हणायचे, म्हणजे बाहेरून आलेल्या काळ्या केसांच्या लोकांचा खेळ.

गेले कुठे म्हणाल तर कुठेच गेले नाहीत, म्हातारे झाले. पोरं शिकली, लांबच्या सबर्बमध्ये घरं घेतली, नातवंडांना पोलिश येत नाही. अँगस स्ट्रीटवर त्यांचं दोम पोल्स्की म्हणजे पोलिश भवन आहे, तिथे कार्यक्रम असतात बघा कधी, खाणं चांगलं मिळतं.

उपरे वगैरे अजिबात पडणार नाही. टाका पोराला.

पेठेतला_पांड्या

च्यायला हा धागा कोल्हापूरकराशिवाय कसा काय चाललाय 😄

ताई तुमी सांगलीच्या म्हणून माफ, नाहीतर वळिवडं तुमाला माहीत पायजे होतं. १९४३ ते १९४८ कोल्हापूरला लागून वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या घरात माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रशियानं १९४० ला पूर्व पोलंडातनं लोकं उचलून सैबेरियात नेऊन टाकलीती, पुढं १९४१ ला हिटलर रशियावर उलटला तसं त्यांना सोडलं, मग ती इराणात आली आणि तिथनं कोण आफ्रिकेला कोण मेक्सिकोला कोण न्यूझीलंडला आणि कोण आपल्या हितं. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोरांची छावणी काढली ती गोष्ट सगळ्यांना माहीत असती, पण वळिवडं त्यापेक्षा लई मोठं होतं. चर्च, शाळा, स्काऊट, दवाखाना, सगळं होतं. ती गेली आणि त्याच बराकीत सिंधी निर्वासित आले, त्याचंच आजचं गांधीनगर, जिथं आपण सगळे लग्नाचा बस्ता बांधायला जातो. महावीर गार्डनात स्मारक पण आहे.

माझी आजी गडमुडशिंगीची. ती सांगायची की पोलंडच्या बायका बाजारात अंडी घ्यायला यायच्या आणि मराठीत घासाघीस करायच्या, "महाग महाग" एवढा एकच शब्द पण काय ठसक्यात. हे असंच सांगितलं, फुटबॉलचा संबंध नाही.

संबंध आता सांगतो. जुने काका म्हणाले जागा नव्हती म्हणून क्लब काढला, बरोबर आहे, पण नुसती जागा नाही ओ. ही तालीम आहे. आमच्याकडं पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही सगळी नावं तालमीचीच ना, आधी लाल मातीचा आखाडा, मग गणपती, मग फुटबॉल टीम. पेठेतलं पोरगं जन्मलं की कुठल्या तालमीचं ते ठरलेलं. मी एकदा वाचलं होतं की पोलिश लोकांचं पण सेम टू सेम होतं, सोकुल म्हणून त्यांच्या व्यायामशाळा होत्या, सोकुल म्हणजे ससाणा, पहिली १८६७ ला ल्वूवमध्ये (आता युक्रेनातलं लव्हिव) निघाली. तेव्हा पोलंड नावाचा देशच नकाशावर नव्हता, रशिया प्रशिया ऑस्ट्रियानं तीन वाटण्या करून खाल्लेला, १७९५ पासून १९१८ पर्यंत. मग देश नाही तर निदान तालीम तरी काढूया, जोर मारूया, झेंडा कपाटात ठेवूया. जे लोक तिथनं अमेरिकेला गेले त्यांनी तिथं पण सोकुल काढली. त्यामुळं त्यांना हे नवीन नव्हतं, जाईल तिथं पहिलं चर्च, दुसरी तालीम. टीमची नावं पण बघा, कायम गरुड नाहीतर ससाणा नाहीतर नदी (विस्वा) नाहीतर डायरेक्ट पोलोनिया. वॉर्सातला पोलोनिया क्लब १९११ चा आहे, म्हणजे रशियाचं राज्य चालू असताना ह्यांनी क्लबला देशाचं नाव दिलंय. डेअरिंग बघा.

तुमचं ग्राऊंड म्हणजे तिथलं शाहू स्टेडियमच समजा, फक्त शिव्या कमी.

शिकागो_सुन्या

पांड्या भारी रे भावा 👌

मी शिकागोत अठरा वर्षं आहे, इथे तर विषयच वेगळा, इथली पोलोनिया इतकी मोठी की बँकेच्या एटीएमवर पोलिश भाषेचा ऑप्शन येतो. इथे पोलिश लोकांचे अमॅच्युअर क्लब पिढ्यान् पिढ्या आहेत, विस्वा शिकागो, रॉयल वावेल, ईगल्स. सकाळी सहाला ड्रायवॉल लावायला जाणारा माणूस रविवारी सेंटर हाफ. यातल्या ईगल्सनी, पूर्ण नाव ए ए सी ईगल्स, १९९० साली यूएस ओपन कप जिंकला. म्हणजे अख्ख्या अमेरिकेचा नॅशनल कप, १९१४ पासून चालू असलेला, आणि फायनलला समोर कोण तर ब्रुकलिन इटालियन्स! पोलिश लोकांचा हौशी क्लब विरुद्ध इटालियन लोकांचा हौशी क्लब आणि बक्षीस काय तर अमेरिकेचं अजिंक्यपद. एमएलएस म्हणजे इथली आजची मोठी लीग यायला अजून सहा वर्षं होती त्यामुळे वर कुणी प्रोफेशनल मोठी लीगच नव्हती, तेव्हा कप या असल्याच क्लबांचा असायचा. आज तो कप एमएलएसवाल्यांचा झालाय.

आणि गंमत म्हणजे १९९८ ला शिकागो फायर टीम नवीन निघाली तेव्हा त्यांनी काय केलं, पोलंडचे तीन प्लेयर आणले, नोवाक, कोसेत्स्की आणि पोदब्रोझ्नी. कारण त्यांना माहीत होतं की या शहरात तिकीट कोण काढणार. पहिल्याच वर्षी लीग पण जिंकली आणि कप पण. नोवाक कॅप्टन होता.

माझा रूममेट एका पोलिश टीममध्ये खेळायचा, एकटा देशी, हैदराबादचा. त्याला सगळे "महाराजा" म्हणायचे. मॅच झाली की पार्किंगमध्ये डिकी उघडून किएल्बासा (पोलिश सॉसेज) आणि बियर, हा व्हेजिटेरियन, तर कुणाची तरी आई याच्यासाठी खास बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी भरलेले पिएरोगी पाठवायची. मोदकाचे चुलतभाऊ समजा, अर्धचंद्राच्या आकाराचे, आपल्या करंजीसारखे. तर मृणालताई उपरं बिपरं काही नाही.

गोलकीपर_गण्या

जर्मनीतला शाल्के क्लब पण पोलिश लोकांनीच काढला ना? कुठेतरी ऐकलेलं.

रूहरवाला

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की मी इथे राहतो म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही, लांबलं तर माफ करा.

शाल्के १९०४ ला गेल्झेनकिर्शेनमधल्या पोरांनी काढला. रूहर भागात कोळशाच्या खाणी होत्या आणि तिथे पूर्वेकडून लाखो लोक कामाला आले, त्यातले बरेच पोलिश बोलणारे कॅथलिक, आणि बरेच मझुरियाचे, म्हणजे तेव्हाच्या पूर्व प्रशियातल्या एका भागाचे. मझुरियावाले बोली पोलिशच्या जवळची बोलायचे पण प्रोटेस्टंट आणि स्वतःला प्रशियन म्हणवायचे. शाल्केचे जे दोन मोठे हिरो, कुझोरा आणि शेपान, ते या मझुरियन घरांतले. आडनावं ऐकून बाकीचे जर्मन शाल्केला हिणवून "पोलाकनक्लब" म्हणायचे. १९३४ ला ते जर्मन चॅम्पियन झाले तेव्हा पोलंडच्या पेपरात आलं की बघा जर्मनीचं विजेतेपद पोलिश लोकांच्या हातात, आणि काळ कुठला तर हिटलरचा, मग क्लबने घाबरून "किकर" मासिकाला पत्र लिहिलं की आमच्या खेळाडूंचे आईबाप सगळे आजच्या किंवा पूर्वीच्या जर्मनीतच जन्मलेले आहेत. थोडक्यात जो क्लब पोलिश नव्हता त्याला सगळे पोलिश म्हणत होते आणि तो ओरडून सांगत होता की आम्ही नाही.

खरे पोलिश क्लब बघायचे तर उत्तर फ्रान्स. १९१९ ला फ्रान्स आणि पोलंडचा करार झाला, पहिल्या महायुद्धात फ्रान्सची माणसं मेली होती आणि खाणी तर चालवायच्या होत्या. त्या कराराने लोक गेले, १९३१ पर्यंत फ्रान्समध्ये पाच लाखांच्या आसपास पोलिश झाले. रूहरमधून पण बरेच तिकडे सरकले. लान्सच्या आजूबाजूला खाणकामगारांच्या वसाहतींत इतके पोलिश क्लब निघाले की त्यांनी फ्रान्समध्ये स्वतःची वेगळी पोलिश फुटबॉल संघटना काढली आणि स्वतःच्या स्पर्धा भरवल्या. हे ॲडलेडला पण झालं नाही. फ्रान्सच्या फेडरेशनला ते फारसं रुचण्यासारखं नव्हतंच.

आणि त्याच मातीतला रेमों कोपा. खरं आडनाव कोपाशेव्स्की, १९३१ चा जन्म, नू-ले-मीन नावाचं खाणीचं गाव. पोरवयात खाणीत उतरला, अपघातात डाव्या हाताचं बोट अर्धं गेलं. तो पुढे रियल माद्रिदला गेला, तीन युरोपियन कप, १९५८ चा बालों दोर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस. पण आडनाव मात्र कोपाएवढंच उरलं, जुने काका म्हणाले ना "जो" आणि "सॅम", तसंच.

जुना_ॲडलेडकर

रूहरवाले, नावाचा विषय काढलात म्हणून राहिलेलं सांगतो, मृणालताईंच्या प्रश्नाचा तो भाग माझ्याकडून सुटलाच होता, क्लबाच्या पाटीवरनं पोलोनिया गेलं कसं.

नव्वदच्या दशकात इथल्या सॉकरच्या वरच्या लोकांनी ठरवलं की हे क्रोएशिया, हेलास, युव्हेंटस असली नावं असली की सामान्य ऑस्ट्रेलियन मॅचला येत नाही, आणि प्रेक्षकांत अधूनमधून युरोपातली भांडणं इकडे व्हायची हेही खरं. मग फर्मान निघालं, नावं बदला, आणि पुढे डेव्हिड हिल चेअरमन असताना तर चिन्हं, झेंडे पण काढा. मेलबर्न क्रोएशियाचं मेलबर्न नाइट्स झालं, सिडनी क्रोएशियाचं सिडनी युनायटेड. सगळीकडे सबर्बची नावं आणि नाइट्स, किंग्ज, रेडर्स असली बिनचेहऱ्याची टोपणनावं. आपलेही क्रॉयडन किंग्ज. २०१४ ला पुन्हा नवीन नियम आला, नव्या क्लबांना समाजाचं नाव, चिन्ह काही नको. त्याच वर्षी मेलबर्न नाइट्सना शर्टावर त्यांच्याच सोशल क्लबचं नाव स्पॉन्सर म्हणून छापायचं होतं पण त्यात क्रोएशिया शब्द, तेव्हा परवानगी नाकारली, प्रकरण मानवाधिकार आयोगापर्यंत गेलं. शेवटी २०१९ ला तो नियम रद्द झाला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणून चिडचिड होते. आमचं पोरगं १२ वर्षांचं असताना एका क्लबात (कुठल्या ते नको) कोच अर्ध्या सूचना त्याच्या भाषेत द्यायचा आणि आमचा बावळटासारखा उभा राहायचा. ते वाईटच. पण ज्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः फावडी घेऊन चेंजिंग रूम बांधल्या त्यांनाच सांगायचं की तुमचं नाव लाजिरवाणं आहे, हेही मला कधी पचलं नाही. पण ग्राऊंडला पोलोनिया राहिलं. क्लबाचं नाव फर्मानाने बदलता येतं, जागेचं बदलायला लोकांच्या तोंडातून काढावं लागतं. व्हीटीला लोक अजून व्हीटीच म्हणतात ना.

आणि जाता जाता, पोलिश लोक इथे १९५० ला पहिल्यांदा आले असं समजू नका. क्लेअर व्हॅलीत पोलिश हिल रिव्हर नावाचं गाव आहे, १८५६ पासून तिथे पोलिश शेतकरी. तेव्हा फुटबॉल नव्हता, त्यांनी चर्च बांधलं. आता तिकडे लोक रिझलिंग वाइन प्यायला जातात.

खर्चिक_बाबा

सगळ्यांचा इतिहास छान आहे पण बाईंनी फीचं पण विचारलंय 🙏 ताई, साउथ ऑस्ट्रेलिया सरकारचं शाळकरी मुलांसाठी स्पोर्ट्स व्हाउचर असतं ते रजिस्ट्रेशनला लावा, विसरू नका, आम्ही पहिल्या वर्षी विसरलो. सेकंडहँड बूट घ्या, पोराचा पाय सहा महिन्यांत वाढतो. आणि जुन्या क्लबांत आणि ॲकॅडमीत मुख्य फरक हा की ॲकॅडमीत तुम्ही गिऱ्हाईक असता. जुन्या क्लबात तुम्हाला कामाला लावतात. कँटीन ड्यूटी, लाइन्समन, नेट बांधणे, सॉसेज सिझलला उभं राहणे. मुलांमध्ये मदत करायची असेल तर ते वर्किंग विथ चिल्ड्रेन चेक आधीच काढून ठेवा. ज्याला याचा कंटाळा आहे त्याने खुशाल ॲकॅडमीत जावं.

पेठेतला_पांड्या

ताई एक काम करा, त्या आजोबांना वळिवडं माहीत आहे का इचारा की! तिथली लोकं १९४७-४८ ला इंग्लंडला गेली आणि पुढं काही ऑस्ट्रेलियाला पण. आफ्रिकेतल्या छावण्यांतली तर थेट आली, १९५० च्या फेब्रुवारीत एकच जहाज हजारावर पोलिश माणसं घेऊन मोंबासाहून पर्थजवळ फ्रीमँटलला लागलंय. काय सांगावं आजोबा कोल्हापुरात अंडी खाऊन मोठे झाले असतील.

सांगलीची_मृणाल

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांना खूप थँक्यू. आठवडाभर लिहायला जमलं नाही, ट्रेनिंग दोनदा, त्यात थंडी आणि पाऊस, अंधारात गाडीत बसून मी हा धागा वाचत होते. नवऱ्याला पण वाचायला दिला, ॲकॅडमीचं नाव सध्या तरी बंद झालंय.

पांड्या, विचारलं रे मी आजोबांना. नाही, ते वळिवड्याचे नाहीत. चार वर्षांचे असताना जर्मनीतल्या छावणीतून आईवडिलांबरोबर आले. कोल्हापूर त्यांनी कधीच ऐकलेलं नाही, मी मॅप दाखवला तर म्हणाले मुंबई माहीत आहे. पण जामसाहेब माहीत आहेत! नाव नाही सांगता आलं, "इंडियाचा तो चांगला महाराजा" म्हणाले, त्यांना वाटलं माझी त्यांच्याशी काहीतरी ओळख असेल 😅 मी सांगितलं ते गुजरातचे, आम्ही वेगळे, तर म्हणाले बरं बरं.

मी विचारलं तुम्ही खेळायचा का. तर नाही, खेळायचे मोठे भाऊ, हे लाइन मारायचे. चुन्याच्या रेषा हो. शनिवारी संध्याकाळी वडिलांबरोबर येऊन रेषा मारायच्या आणि रविवारी सकाळी पाऊस पडला की परत मारायच्या. एवढंच सांगत होते, रेषांबद्दलच, दहा मिनिटं. आता मशीनने मारतात ते त्यांना आवडत नाही, कोपऱ्याचा क्वार्टर सर्कल नीट येत नाही म्हणे. मी बघितलं तर खरंच थोडा चेपलेला आहे.

मुलाला दोब्झेचा अर्थ सांगितला. आता घरी मी भाजी बरी केली की मला पण दोब्झे म्हणतो.

काका, तुम्ही श्यामसुंदर आहात हे वाचून बरं वाटलं. माझ्या नवऱ्याला ऑफिसात "विकी" म्हणतात, त्याचं नाव विक्रमादित्य.

आता खरी अडचण. खर्चिक बाबा म्हणाले तसंच झालं, पुढच्या रविवारी कँटीनवर माझी ड्यूटी लागलीय आणि तिथल्या बाई म्हणाल्या की तुमच्याकडचं काहीतरी करून आणा ना, लोकांना आवडेल. मी लगेच साबुदाणा वडा म्हणून मोकळी झाले. आणि मग त्या म्हणाल्या फक्त शेंगदाणे नकोत हं, मुलांमध्ये ॲलर्जी आहे. दाण्याच्या कुटाशिवाय साबुदाणा वडा कसा करायचा? कुणी केलाय का? की बटाटेवडाच न्यावा, पण तो ऐंशी शंभर नग एकटीने तळून गरम कसा ठेवू?

शिकागो_सुन्या

काजूचा कूट घालून होतो पण काजू पण नट्समध्येच येणार, त्यामुळे कॅन्सल.

खर्चिक_बाबा

बटाटेवडा. सारणाचे गोळे शनिवारी रात्री करून फ्रिजमध्ये ठेवा, पीठ तिथेच भिजवा, तळायला कँटीनचा चिप्सचा फ्रायर असेल तर तो मागून घ्या, मात्र आधी विचारा त्यात तेल कुठलं आहे. आणि सुकी लाल चटणी नेऊ नका, त्यात बहुतेक घरी दाणे असतात. हिरवी न्या. मिरची अर्धी घाला, तिथे सगळी पोरंच असणार.

जुना_ॲडलेडकर

मी रविवारी येतो. चार वडे बाजूला ठेवा, दोन माझे आणि दोन त्या रेषावाल्यांचे.